कौतुकाची सूज

आमच्या गावात माझ्या नवऱ्याला सगळे देवमाणूस म्हणतात. मी म्हणत नाही, कारण देवमाणसाचे कपडे मी धुते.

त्यांचं नाव सादायोशी नुमाता. माशाच्या वड्या करणाऱ्या कंपनीत कामाला. सकाळी कारखान्यात मासे कुटायच्या यंत्रापाशी आणि दुपारनंतर कंपनीच्या बेसबॉल संघात. आता संघात आहेत म्हणजे कुणी बडे खेळाडू असतील, असं समजू नका. सामन्यात ते उतरत नाहीत. तरुणपणी थोडे दिवस उतरले होते. त्यांनी बॅट हातात घेतली की लोक पाय मोकळे करायला उठायचे. मग साहेबांनी त्यांना मैदानाच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली नेऊन बसवलं. सामन्याआधी बॉल टाकणारे, म्हणजे पिचर लोक, तिथे हात मोकळा करतात. पिचरने बॉल टाकायचा, यांनी समोर उकिडवं बसून तो ग्लोव्हमध्ये झेलायचा आणि गावाला ऐकू जाईल असं ओरडायचं, "नाइस बॉल." बॉल परत द्यायचा, परत झेलायचा, परत "नाइस बॉल." तीस वर्षं झाली. गुडघ्यांची पार वाट लागली, पण कौतुकाचा रतीब एक दिवस चुकला नाही.

आणि नुसतं ओरडून भागत नाही बरं का. खरी करामत ग्लोव्हच्या आवाजात असते. बॉल चामड्याच्या नेमक्या जागी लागला की असा कडाडतो की पत्रा थरथरतो, आणि तो आवाज ऐकून पिचरची छाती फुगते. त्याला वाटतं, आज आपला हात म्हणजे तोफ आहे. आमचे हे प्रत्येक बॉल त्याच जागी घेतात. सुसाट आला तरी कडाड, रमतगमत आला तरी कडाड. नवीन पोरगा घाबरत घाबरत टाकतो, त्यालाही कडाड. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायची विद्या असते ना, ती आमच्या घरात डाव्या हातात आहे.

याचा परिणाम काय झाला ते ऐका. संघाचे प्रशिक्षक माकाबे साहेब त्याच छपराखाली पाठ फिरवून वर्तमानपत्र वाचत बसतात. पिचरकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणतात, "बघायचं काय त्यात? कान आहेत ना मला." कुणाचा बॉल कडाडला त्यावरून आज कोण खेळणार ते ठरवायचं. मध्यंतरी कंपनीने बॉलचा वेग मोजायचं यंत्र आणलं. यंत्र एक सांगायचं आणि कान दुसरंच. आठवडाभर सगळे हैराण. शेवटी माकाबे साहेबांनी बैठक घेतली, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि यंत्र बिघडलेलं आहे असं ठरवून दुकानदाराला परत पाठवलं. दुकानदार बिचारा माफी मागायला आला, जाताना वड्यांचं खोकं घेऊन गेला.

एवढं कौतुक बाहेर वाटून आलेला माणूस घरी येतो तेव्हा रिकामा झालेला असतो. दार उघडतो, बूट काढतो, जेवायला बसतो. तोंडाला कुलूप. मी केस कापून आले, तरी हं. मी मासा करपवला, तरी हं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला इतका संताप आला की एका संध्याकाळी मी मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सारात मूठभर मीठ जास्त टाकलं. म्हटलं, आता तरी बोलेल. यांनी वाडगा तोंडाला लावला, शेवटचा थेंब प्यायले, खाली ठेवला आणि म्हणाले, "छान." तेव्हा मी मनाशी ठरवलं, हा माणूस खरं बोलेपर्यंत मीठ कमी करायचं नाही. पुढे हात तसाच पडला. माझ्याही जिभेला तीच चव खरी वाटायला लागली.

आमच्याकडे बॉल झेलणाऱ्याला, म्हणजे कॅचरला, पिचरची बायको म्हणतात. जुनी पद्धत आहे. पिचर रुसणार, कॅचरने समजूत काढायची. पिचर चुकणार, कॅचरने म्हणायचं की मीच बोटाने चुकीची खूण केली. पिचर जिंकला की त्याचा फोटो, हरला की दोघांचा. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर मी बायकोची बायको. कुजीच्या लग्नात तर कहरच झाला. कुजी हा आमच्या संघाचा मुख्य पिचर. उंच, देखणा, कंपनीच्या कॅलेंडरवर वड्यांची थाळी धरून उभा असलेला. वड्या तळणाऱ्या बायका त्या कॅलेंडरचं पान महिना संपला तरी उलटत नाहीत. तर त्याने लग्नात उभं राहून भाषण केलं, "माझ्या पहिल्या बायकोचे मी आभार मानतो," आणि आमच्या यांच्याकडे हात केला. सगळे हसले, नवरी हसली, टाळ्या पडल्या. यांचे डोळे भरून आले. मी शेजारी बसून माशाचा काटा काढत होते. माझे आभार कुणी मानले नाहीत, आणि त्या ग्लोव्हला तेल मी लावते.

कुजी दुसऱ्या कुणाला बॉल टाकायचाच नाही. "नुमाता-सान समोर नसले की माझा हात उघडत नाही," म्हणायचा. बरोबर आहे. घरच्या आरशात आपण सगळेच सुंदर दिसतो.

पण गेल्या दोन हंगामांपासून मला एक गोष्ट कळायला लागली होती, आणि ती संघात कुणालाही कळली नव्हती. रोज संध्याकाळी मी यांच्या डाव्या हाताला औषधाची पट्टी लावते. पूर्वी कुजीचे बॉल झेलून आले की तळवा मधोमध लालबुंद असायचा आणि सकाळपर्यंत उतरायचा. आता तळव्याला काहीच नसायचं. सूज यायची ती पहिल्या बोटाच्या मुळाशी आणि मनगटाला. एकदा विचारलं, हे असं का? तर म्हणे, "काही नाही." मग मीच एक दिवस जेवणाचा डबा द्यायच्या निमित्ताने छपराखाली गेले आणि नीट बघितलं. कुजीचा बॉल आता दमून यायचा. दमलेला बॉल आपणहून कडाडत नाही. म्हणून आमचे हे शेवटच्या क्षणी हात झटक्याने पुढे नेऊन त्याला धडक द्यायचे. कडाड. नाइस बॉल. कुजी खूश, माकाबे साहेब पान उलटणार, आणि इकडे बोटाची वाट. दर बॉलला. खोटं बोलताना माणसाची जीभ सुजत असती तर जगात किती बरं झालं असतं. यांचा हात सुजायचा.

घरी आल्यावर मी बोलले. "त्याचा हात संपलाय. तुम्हाला माहीत आहे. सांगत का नाही?"

त्यांनी पट्टीचं टोक दाबून बसवलं. मग म्हणाले, "माझं काम पिचरला उभं करायचं. पाडायला समोरचा संघ आहे."

वाक्य चांगलं होतं. आमच्या घरात वर्षाला एखादंच येतं, म्हणून मी ते तसंच राहू दिलं.

आणि मग जूनमध्ये कंपनीच्या मालकांनी बॉम्ब टाकला. सकाळची कवायत झाल्यावर सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, माशांचे भाव वाढलेत, तरुण लोक वड्या खात नाहीत, तेव्हा यंदा संघ तोक्योच्या मोठ्या स्पर्धेला पोचला तर ठीक, नाहीतर संघ बंद. तोक्योला जायचं तर आमच्या भागाची निवडस्पर्धा जिंकायची. बघता बघता आमचे लोक शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलेसुद्धा. आता तो एक सामना. जिंकलो तर संघ राहील, हरलो तर त्या छपराखाली वड्यांची खोकी ठेवणार, हेही मालकांनी सांगून टाकलं होतं.

मी कितीही बडबड करीत असले तरी त्या दिवशी मी संघ राहू दे म्हणून हात जोडले. संघाचं मला काय सोयरसुतक? पण संघ बंद झाला तर हा माणूस दिवसभर मासे कुटणार आणि घरी येऊन गप्प बसणार. त्या छपराखाली तरी तो तोंड उघडतो. दुसऱ्यांसाठी का होईना, आवाज तरी निघतो त्याचा. तोही गेला तर माझ्या घरात नुसती भिंत उरली असती. मला भीती वाटत होती, हे कबूल करते.

प्रश्न एवढाच होता की शेवटच्या सामन्यात बॉल टाकणार कोण. एक कुजी, आणि दुसरा तांबा. तांबा हा विशीतला, आखूड मानेचा, चेहऱ्यावर पुटकुळ्या. त्याला कॅलेंडरवर कुणी घेतलं नसतं. पण बॉल असा टाकायचा की त्याचे बॉल झेलायच्या दिवशी यांचा तळवा मधोमध टोमॅटोसारखा होऊन यायचा. माकाबे साहेबांनी दोघांचेही बॉल पाठ फिरवून ऐकले. दोघेही कडाड. साहेब पेचात पडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि यांना विचारलं, "नुमाता, कुणाचा बरा?"

"दोघांचाही छान आहे," हे म्हणाले.

"मग मोठ्यालाच देऊ," साहेब म्हणाले. "कॅलेंडर त्याचं छापलंय."

झालं. बुडाली नाव.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कुजी आमच्या घरी आला. हातात गोड पावांची पेटी, अंगात सूट. माणूस सूट घालून घरी आला की समजावं, काहीतरी जड घेऊन आलाय. बसला, चहाला हात लावला नाही. यांच्यासमोर गुडघ्यांवर बसून म्हणाला, "नुमाता-सान, एक विचारतो. पंचांपेक्षा, साहेबांपेक्षा माझा तुमच्यावर विश्वास आहे. मला हल्ली फलंदाज फार दूर मारतात. साहेब म्हणतात नशीब. बायको म्हणते जेवण कमी. खरं सांगा, माझा हात संपलाय का?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मनात म्हटलं, बोला. आता तरी बोला. माणूस विचारतोय, पाया पडून विचारतोय.

हे थोडे हलले. मग म्हणाले, "नाइस बॉल आहे, कुजी."

कुजीच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मला त्याची कीव आली आणि यांचा राग आला. तो निघायला उठणार, तेवढ्यात मी औषधाच्या पट्ट्यांचा डबा घेऊन मध्ये जाऊन बसले. "थांबा हो भाऊजी, चहा तरी घ्या. यांची पट्टी बदलायची वेळ झाली, ती तेवढी बदलते."

"नंतर," हे म्हणाले.

"नंतर कशाला? रोज याच वेळी बदलते." आणि मी यांचा हात ओढून टेबलावर ठेवला आणि पट्टी काढली.

बोट काळंनिळं झालेलं, मनगट फुगलेलं. तळवा मात्र लहान मुलासारखा गोरा. कुजी बघत राहिला. पिचर आहे तो, त्याला शिकवावं लागत नाही. चांगल्या बॉलची खूण कुठे उठते हे त्याला शाळेपासून माहीत. त्याने अंगठ्याने हळूच तळव्याचा मधला भाग दाबला. यांनी हूं की चूं केलं नाही. मग बोटाच्या मुळाशी दाबलं, तर यांचा श्वास आत गेला.

"हे तांबाच्या बॉलने?" त्याने विचारलं. मला विचारलं, यांना नाही.

"नाही," मी म्हटलं. "तांबाच्या दिवशी एक पट्टी पुरते. तुमच्या दिवशी दोनदा बदलावी लागते."

"वय झालं माझं," हे पुटपुटले. "हाडं ठिसूळ झाली."

मी नवीन पट्टी लावेपर्यंत कुजी बसून राहिला, शेवटचं टोक त्यानेच दाबून दिलं. मग कपाळ चटईला टेकवून नमस्कार केला आणि गेला. तो नमस्कार माणसाला होता की हाताला, मला सांगता येणार नाही. हे उठून आंघोळीला गेले. माझ्यावर रागावले होते का? कोण जाणे. रागाचं मौन आणि रोजचं मौन यातला फरक कळायला माणूस मधूनमधून बोलावा लागतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीने सगळ्यांना बसमध्ये घालून मैदानावर नेलं. टाळ्या वाजवणं हेही आमच्याकडे कामाच्या वेळेत धरतात. वड्या तळणाऱ्या बायकांच्या हातात कुजीच्या चेहऱ्याचे पंखे, हिशेब खात्याचे मुख्य ढोल बडवायला. मी मुद्दाम छपराच्या कडेला जागा धरली. माकाबे साहेब वर्तमानपत्र उघडून पाठ फिरवून बसलेले.

कुजी आला. बॉल हातात घेतला आणि यांना म्हणाला, "नुमाता-सान, आज हात जागेवर ठेवा. पुढे आणायचा नाही. आणि ओरडायचं नाही."

यांनी मान हलवली, पण कुणीकडे हलवली ते जाळीच्या मुखवट्यातून कळेना.

कुजीने पूर्ण ताकद लावून बॉल टाकला. हात जागेवर राहिला. थप्प. ओला टॉवेल दोरीवरून खाली पडावा तसा आवाज. पत्रा गप्प.

माकाबे साहेबांनी वर्तमानपत्रातून मान वर काढली. "नुमाता, ग्लोव्ह फाटला का?"

पुन्हा बॉल. पुन्हा थप्प.

"दुसरा आणा रे ग्लोव्ह." दुसरा आणला. थप्प. तिसरा आणला, कोरा करकरीत. थप्प. साहेब लाल झाले. "या वर्षीचं चामडंच खराब आलंय. मी मागच्या वेळीच म्हटलं होतं. खरेदी खात्याला बोलवा." खरेदी खात्याचा माणूस पंखा हातात घेऊन प्रेक्षकांतून धावत आला, ग्लोव्हचा वास घेऊन बघितला, म्हणाला, खरंच, दमट वाटतंय. दोन शहाणी माणसं ग्लोव्ह उन्हात धरून उभी राहिली.

कुजीने टोपी काढली. "साहेब, ग्लोव्ह चांगले आहेत," तो म्हणाला. "पिचर बदला."

कुजी चालत यांच्यासमोर गेला, आणि बॉल यांच्या ग्लोव्हमध्ये हाताने ठेवला, जसा दुकानदार पैसे ठेवतो तसा नाही, जसं घरचं माणूस ताटात वाढतं तसा. म्हणाला, "इतकी वर्षं छान झेललंत." एवढंच. तीस वर्षांत यांच्या झेलण्याचं कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं. हे उकिडवेच बसून राहिले. मुखवटा बराच वेळ काढला नाही.

मग तांबा आला. हात जागेवरच होता, तरी पहिल्याच बॉलला पत्र्यावरचा कावळा उडाला.

एका रनाने जिंकलो. मालकांनी भाषण केलं की हा विजय वड्यांमधल्या कॅल्शियमचा आहे. माकाबे साहेबांचा शाल नाही पण फुलांचा गुच्छ देऊन सत्कार झाला, कारण नुसत्या आवाजावरून ऐनवेळी पिचर बदलायचा निर्णय त्यांनी घेतला म्हणे. त्यांनीही गुच्छ घेतला. तोक्योला जाऊन पहिलाच सामना हरून आलो, पण संघ राहिला. कुजी आता विक्री खात्यात आहे. सुपरमार्केटमध्ये एप्रन बांधून वड्यांचे तुकडे चाखायला देतो, आणि बायका दोन-दोन पाकिटं नेतात. परवा भेटला तर म्हणाला, "वहिनी, इथे सगळे तोंडावर सांगतात, कोमट आहे म्हणून. बरं वाटतं."

पण मला सांगायचं आहे ते सामन्याच्या संध्याकाळचं. आम्ही घरी आलो. मी पट्टी काढली. तळवा मधोमध लाल, बोट उतरायला लागलेलं. मी भात वाढला, सार वाढलं. यांनी वाडगा उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. मी बघतच राहिले, कारण हा माणूस वाडगा मध्येच खाली ठेवत नाही.

"फुमिए," ते म्हणाले. माझं नाव ते घेतात तेव्हा मला वाटतं घराला आग लागली.

"काय?"

"सार खारट आहे."

मी भाताचा चमचा खाली ठेवला. "आज जास्त पडलं असेल."

"आज नाही," ते म्हणाले. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला, म्हणजे बाहेर आवाज जायला नको. सगळं कळलं होतं या माणसाला. पहिल्या घोटापासून कळलं होतं, आणि तीस वर्षं शेवटच्या थेंबापर्यंत पीत होता. एप्रनने तोंड पुसून मी परत आले आणि समोर बसले.

"अजून काय काय सांगायचं राहिलंय?" मी विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. "बरंच आहे," ते म्हणाले.

मी चहाचं पाणी ठेवलं.